सराफ बाजारातलं टंच मशीन आणि जर्मन आयर्न क्रॉस: जावं का, आणि जाऊन काय विचारावं

जळगावच्या सराफ बाजारात टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून देणारी दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यातल्या एकाबद्दल लिहितोय. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले, "भाऊ, नाव टाकू नका, नाहीतर उद्यापासून भंगारातला प्रत्येक बिल्ला माझ्या काउंटरवर येईल." दुकान अरुंद आहे. तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला बोळात थांबावं लागतं. पण मशीन नवं आहे आणि चालवणारा पोरगा हुशार आहे.

मी एमआयडीसीत डाय-मोल्डचं काम करतो. पाइपाच्या फिटिंगचे मोल्ड, चटईच्या मशीनचे सुटे भाग, असलं. छंद मात्र जर्मन लष्करी पदकांचा, त्यातही पहिल्या महायुद्धाच्या. हिटलरच्या काळातली पदकं मी फार ठेवत नाही आणि जी आहेत ती भिंतीवर लावत नाही. पण नकली मालाचा सगळा धंदा त्याच काळाच्या नावावर चालतो, त्यामुळे ओळखायला तीही शिकावी लागतात.

आधी मशीनबद्दल. एक्स-रेवर चालतं. खालच्या बारीक खिडकीवर वस्तू ठेवायची, कॅमेऱ्यातून पडद्यावर फुली दिसते, ती हव्या त्या जागी आणायची, झाकण लावायचं. मिनिटाच्या आत कोणता धातू किती टक्के, याची चिठ्ठी हातात. ओरखडा नाही, डाग नाही. प्रत्येक धातूवर एक्स-रे पडले की तो आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतो, मशीन ते मोजतं. ही सगळी करामत वरच्या पापुद्र्यापुरती, केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलीची. मशीन आत शिरत नाही. पदकवाल्याने हे पक्कं डोक्यात ठेवून दुकानात पाय टाकावा.

दुसरी गोष्ट, मशीन बहुतेक वेळ सोन्याच्या प्रोग्रॅमवर असतं. तसंच चांदी-पितळेची वस्तू ठेवली तर आकडे वेडेवाकडे येतात. "चांदीवर लाव आणि सगळे धातू दाखव," असं स्पष्ट सांगायचं. पोरगा न कुरकुरता बदलतो. शेजारच्या एका ठिकाणी हेच सांगितलं तर "चांदी किती ते सांगतो, बाकी तुम्हाला काय करायचं?" असं ऐकावं लागलं होतं.

मी नेलेला पहिला नग म्हणजे १९१४चा दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नेपोलियनविरुद्धच्या लढाईत प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने १० मार्च १८१३ला ब्रेस्लाउ इथे हे पदक सुरू केलं. रूप ठरवलं वास्तुकार शिंकेलने. सरदार असो की साधा शिपाई, पदक तेच. १८७०, १९१४ आणि १९३९ मध्ये ते पुन्हा सुरू केलं गेलं. १९१४च्या क्रॉसवर पुढे मुकुट, 'डब्ल्यू' अक्षर आणि साल. मागे ओकची पानं, राजाची अक्षरं आणि १८१३. पहिल्या महायुद्धात हे लाखोंनी वाटलं गेलं, त्यामुळे युरोपात आजही काही हजार रुपयांत खरा मिळतो. एवढ्या स्वस्त वस्तूची नक्कल कोण करेल, असं वाटतं ना? करतात. इकडे भारतात "हिटलरचं पदक" म्हटलं की गिऱ्हाईक साल वाचतच नाही.

खऱ्या क्रॉसचे तीन भाग असतात. मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून कवेत घेणारे चौकटीचे दोन अर्धे भाग. कडेला डाख देऊन ते जोडतात आणि जोड घासून साफ करतात. माझ्या नगाच्या कडीवर 'सीडी ८००' असा बारीक ठसा आहे. सीडी म्हणजे फोर्ट्सहाइमचा कार्ल डिलेनियस, आणि ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, आपल्या सराफाच्या भाषेत ऐंशी टंच. पोरग्याने फुली चौकटीच्या सपाट कडेवर आणली, झाकण लावलं. चांदी ऐंशीच्या थोडी वर, बाकी तांबं. जस्त नाही, निकेल नाही.

"ऐंशीचा माल आहे काका. आपल्याकडचं काही काही पैंजण याच्यापेक्षा हलकं येतं."

इथे मशीनने पैसे वसूल करून दिले. ठसा एक सांगतो आणि धातू तेच सांगतो, एवढं तरी जुळलं.

दुसरा नग अमळनेरच्या मित्राचा. त्याने ऑनलाइन घेतलेला १९३९चा क्रॉस, कडीवर ६५ आकडा. ६५ हा इडार-ओबरश्टाइनच्या क्लाइन उंड क्वेंट्सर कारखान्याचा क्रमांक. हा आकडा खऱ्यावर सापडतो म्हणूनच नकलीवरही सर्रास सापडतो. ठसा मारायला काय लागतं? एक पंच आणि एक हातोडी. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'शंभर टक्के चांदीची फ्रेम, सराफाकडून तपासलेली.' म्हटलं चला, आपणही तपासू.

आधी पोरग्याने चांदीचाच आकडा वाचला, आणि मित्राचा चेहरा खुलला, कारण चांदी निघालीच. मी म्हटलं, पूर्ण चिठ्ठी काढ. त्यात तांबं भरपूर, जस्त भरपूर, चांदी थोडी. म्हणजे पितळ, वरून चांदीचं पाणी. मुलामा पातळ असला की मशीनला मुलामा आणि खालचं पितळ एकदमच दिसतं आणि ते दोन्ही एकत्र मिसळून आकडा देतं. फक्त चांदीचा आकडा पाहणाऱ्याला वाटतं, हलक्या टंचाची का होईना, चांदी आहे. जस्त पाहिल्याशिवाय हा घोळ कळत नाही.

पण चौकट चांदीची नाही म्हणजे पदक नकली, असंही लगेच म्हणू नका. जर्मन सिल्व्हरच्या चौकटीचे खरे क्रॉस भरपूर आहेत. मात्र जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. मित्राच्या नगात निकेलचा पत्ताच नव्हता. खिशातलं चुंबक लावलं, गाभ्याला चिकटलं नाही. तेवढ्यावरही मी निकाल देत नाही, कारण पितळी गाभ्याचे काही खरे क्रॉसही आहेत. मग भिंग काढलं.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक दाण्यांची ओळ असते. डायमध्ये दाबून काढलेल्या मालात प्रत्येक दाणा सुटा असतो, दोन दाण्यांमधली फट तळापर्यंत स्वच्छ जाते, आणि क्रॉसच्या आतल्या कोपऱ्यात दोन ओळी जिथे भेटतात तिथे एकही दाणा फिसकटलेला नसतो. ती डाय कुणीतरी हाताने कोरून, कडक करून, घासून बनवलेली असते, आणि जबरदस्त दाबाखाली पत्र्याने तिचा कोपरा न् कोपरा उचललेला असतो. मित्राच्या क्रॉसमध्ये तेच दाणे भिजलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटलेले होते. '१९३९' मधल्या नऊच्या पोटात सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. ओततांना हवा अडकली की अशी भोकं राहतात. कडेवर कानशीच्या आडव्या रेघा, म्हणजे मोल्डच्या दोन भागांमधली पार्टिंग लाइन कुणीतरी घासून काढली होती. आमच्या कारखान्यात असा पीस क्यूसीवाला एका नजरेत बाजूला फेकेल.

मापही घेतलं. ओतीव मालाला आकसण्याचा शाप असतो. खऱ्या पदकाचा साचा घेऊन त्यात पितळ ओतलं की ते गार होताना शेकडा दीड-दोनने आकसतं. ४२ मिलिमीटरच्या क्रॉसवरून ओतलेला क्रॉस सव्वाएकेचाळीसच्या आसपास भरतो. १९३९चा क्रॉस साधारण ४४ मिलिमीटर रुंद असतो, पहिल्या युद्धातला त्याहून थोडा लहान. मात्र कारखान्याकारखान्यात फरक असायचा, म्हणून व्हर्नियरचा आकडा त्याच कारखान्याच्या खऱ्या नगाशी ताडून पाहायचा. वजन १५ ते २० ग्रॅमच्या दरम्यान, पण वजनावर फार विसंबू नका. वजन जुळवणं नकली करणाऱ्याला सर्वांत सोपं.

मित्र काही बोलला नाही. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाला, "तो सराफ कोण होता ज्याने तपासलं, ते विचारायला पाहिजे."

तिसरा नग हिंडेनबर्ग क्रॉस. याने दुकानात करमणूक केली. काउंटरच्या आतल्या बाजूला एक वयस्कर कारागीर बसतात, धुळ्याकडचे, अजून कसोटीच्या दगडावरच विश्वास ठेवणारे. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"हाई लोखंड शे भो. भंगारमा टाका."

लोखंडच असतं बाबा ते! १३ जुलै १९३४ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने पहिल्या महायुद्धातल्या लोकांसाठी हे सुरू केलं. आघाडीवर लढलेल्यांना तलवारींचा, बाकीच्यांना तलवारींशिवायचा, आणि युद्धात मेलेल्यांच्या विधवांना व आईवडिलांना काळ्या रंगाचा. नुसते तलवारीवाले क्रॉसच साठ लाखांहून जास्त दिले गेले. एवढ्या लोकांना चांदी कुठून देणार? लोखंडावर कांस्याचा पातळ थर, मागे बनवणाऱ्याची अक्षरं. चुंबकाला चिकटतो तो बहुधा खरा, आणि "भारी पितळेचा" म्हणून जो महाग विकतात त्याच्यावर संशय घ्यावा. ज्या कसोटीवर सराफ वस्तूला नाकारतो, त्याच कसोटीवर ती इथे पास होते. म्हणून टंचवाल्याला धातू विचारा, मत विचारू नका.

त्याच काकांनी दुसरी एक सूचना केली आणि मी अक्षरशः क्रॉस त्यांच्या हातातून ओढून घेतला. "जरा कानस मारीसन देखू का?" त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. बांगडी असो की पैंजण, वरचा मुलामा काढल्याशिवाय आतला माल कळत नाही. पण पदकावर कानशीची एक रेघ म्हणजे किंमत निम्म्यावर, आणि तेजाबाचा थेंब म्हणजे शंभर वर्षांची पॅटिना, म्हणजे जुनेपणाची झाक, गेली. म्हणून आत शिरतानाच सांगा: घासायचं नाही, दगडावर ओढायचं नाही, तेजाब नाही, आणि कृपा करून धुऊन चकचकीत करून द्यायचं नाही. शेवटचं सांगायला विसरू नका. त्यांच्याकडे प्रेमाने चकाकी देण्याची सवय आहे.

आता या दुकानातली सगळ्यात कामाची सेवा, जिचे ते पैसेही घेत नाहीत. गल्ल्यावर नोटा तपासायचा निळा दिवा आहे. मी फितीसकट क्रॉस त्याच्याखाली धरला. जुन्या सुती आणि रेयॉनच्या फिती या दिव्यात मळकट, मंद दिसतात. नव्या फितीतला धागा पांढरा-निळा चमकतो, कारण कापड उजळवणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली. मित्राच्या क्रॉसची फीत अशी पेटली की गल्ल्यावरच्या शेठनाही नवल वाटलं. यातही एक खाच आहे. कुणी सासूबाईंच्या शिस्तीत जुनी फीत साबणात धुऊन टिनोपॉलमध्ये बुडवली असेल तर खरीही चमकेल. आणि नवी फीत म्हणजे नकली क्रॉस असं नाही, फिती फाटतात, बदलतात. पण विकणारा जर म्हणत असेल की "आजोबांनी इटलीतून आणल्यापासून पेटीतून बाहेरच काढलं नाही", तर चमकणारी फीत त्या आजोबांना खोटं पाडते.

या आजोबांच्या गोष्टीचं वजन कळायला हवं, कारण ती पूर्ण बनावट नसते. आपल्याकडचे मराठा पलटणीतले जवान इटलीत जर्मनांशी खरोखर लढले. यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये तिथल्याच लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एखाद्या जवानाच्या पेटीत जर्मन पदक येणं सहज शक्य आहे. भुसावळ, चाळीसगावच्या जुन्या बाजारात फिरणारे दलाल हे जाणून आहेत. गोष्ट खरी असू शकते, म्हणूनच ती वस्तूला चिकटवून विकता येते. मी गोष्ट ऐकून घेतो, चहा पितो आणि भिंग काढतो. नाइट्स क्रॉसची, म्हणजे आयर्न क्रॉसच्या वरच्या श्रेणीची, गोष्ट निघाली तर चहाही पीत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो सुमारे ७३०० जणांना मिळाला, आणि त्यातले किती खान्देशात यावेत!

मशीन जिथे पूर्ण हात टेकतं ती जागाही सांगतो. १९४१-४२च्या रशियातल्या हिवाळ्याचं जे पदक आहे, ते २६ मे १९४२ला सुरू झालं. जर्मन सैनिक त्याला गोठलेल्या मांसाचं पदक म्हणायचे. ते जस्ताचं. नक्कलही जस्ताचीच. चिठ्ठीवर दोन्हीकडे जस्त. त्यातही आजच्या ओतकामाच्या जस्तात थोडं ॲल्युमिनियम मिसळलेलं असतं, पण ॲल्युमिनियमसारखे हलके धातू सराफाच्या मशीनला नीट दिसत नाहीत. तिथे पुन्हा भिंगच. वरच्या हेल्मेटची कड आणि त्याखालच्या हातबॉम्बचा दांडा धारदार आहे की मेणासारखा वितळलेला, हे पाहायचं.

आणि आझाद हिंदची पदकं. आपल्या लोकांना यांचं आकर्षण जास्त, ते साहजिकच आहे. नेताजी जर्मनीत असताना सुरू झालेली ही पदकं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सुवाल या कारखान्याने बनवली. पंचाईत अशी की याच कारखान्याने युद्ध संपल्यावरही जुन्या पदकांच्या प्रती काढल्या. कारखाना तोच, कारागिरी तीच. धुळ्याच्या एका गृहस्थांनी असंच एक पदक माझ्यासोबत टंचाला पाठवलं. चिठ्ठी अगदी निर्मळ आली, आणि ती पाहून ते खूश झाले. मी त्यांना एवढंच म्हटलं की धातू बरोबर आहे, पण हे १९४३चं की १९६०चं, ते या चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. त्यांना ते आवडलं नाही.

१९५७च्या क्रॉसचंही असंच. जर्मनीत त्या वर्षीच्या कायद्याने जुनी पदकं स्वस्तिकाशिवाय घालायला परवानगी दिली, आणि स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं असलेले क्रॉस पुन्हा तयार झाले. चांगले कारखाने, चांगल्या चौकटी. आता काही महाभाग ती चौकट उघडून आत स्वस्तिकाचा नवा गाभा बसवतात. चौकटीवर फुली धरली तर मशीन म्हणेल उत्तम. अशा वेळी कडेचा जोड पाहायचा. एकदा उघडून पुन्हा डाख दिलेली कड भिंगाखाली खडबडीत दिसते, डाखेचे थेंब आतल्या दाण्यांवर सांडलेले असतात. गंजही पाहायचा. खरा लोखंडी गाभा गंजला की रंगाखाली फुगतो आणि रंगाचे पापुद्रे उडतात, चौकट मात्र तशीच राहते. नकली गंज चौकटीवरही चढलेला असतो, सगळीकडे सारखा, ब्रशने लावल्यासारखा.

या दुकानाला सेवा म्हणून पाचपैकी चार. एक कापला तो कानशीसाठी आणि त्या अंधाऱ्या काउंटरसाठी, जिथे भिंग असूनही स्वतःची टॉर्च लागते. पदकाचा खरेखोटेपणा ठरवायची जागा म्हणून मात्र पाचपैकी दोन, आणि त्यातला एक निळ्या दिव्याचा. इंटरनेटवर कुणी "टंच रिपोर्टसह" पदक विकत असेल तर तो रिपोर्ट पूर्ण मागा, सगळ्या धातूंचा. चौकटीच्या कुठल्या जागेचा आहे तेही विचारा. नुसता चांदीचा टक्का म्हणजे काहीच नाही.

एका जागेचे शंभर रुपये घेतात. कडी, चौकट आणि गाभा अशा तीन वेगळ्या जागा तपासायच्या तर तीनदा पैसे, पण एकाच नगाचं असेल तर घासाघीस चालते. चिठ्ठीवर वस्तूचा फोटो येत नाही, तेव्हा मोबाइलवर पडद्याचा फोटो फुलीसकट काढून ठेवा. दुपारी जेवणानंतरची वेळ बरी. लग्नसराईत आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात जाऊ नका, सोन्याच्या रांगेत पदकवाल्याला कुणी उभं करत नाही. गाडी बाजाराच्या बाहेरच लावा. आणि मशीनवरच्या पोराला मागा, काकांना नाही.